धुतल्यावर फुगलेला लोगो: शाळेच्या टी-शर्टवरच्या मशीन एम्ब्रॉयडरीचं एक प्रकरण

सोलापुरात गणवेश शिवणारे कारखाने भरपूर आहेत आणि त्यांच्या आधाराने चालणारी एम्ब्रॉयडरीची छोटी युनिटंही. यातली बरीच युनिटं वर्षानुवर्षं एकाच कामावर जगली: टेरिकॉटच्या शर्टाचा खिसा आणि त्यावर शाळेचा लोगो. आता शाळा पीटीच्या दिवसासाठी टी-शर्ट मागतात. कोरे टी-शर्ट तिरुपूरहून येतात, इथे त्यांच्यावर लोगो भरला जातो. कापड बदललं, पण कापडाखाली आधाराला लावायचा पेपर, सुई आणि पंचिंग खिशाच्या काळातलंच राहिलं, तर काय होतं हे या प्रकरणात दिसतं.

मी पंचिंगचं काम करतो, म्हणजे चित्रावरून मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवतो. हे काम माझ्याकडे अडल्यानंतर आलं. शाळेचं आणि युनिटचं नाव देण्याचं कारण नाही.

ऑर्डरमध्ये तीन प्रकारचं कापड होतं. प्राथमिकच्या मुलांसाठी पांढरी सुती सिंगल जर्सी, म्हणजे साध्या टी-शर्टचं पातळ कापड, १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम). मोठ्या वर्गांसाठी चार हाउसच्या चार रंगांत कॉलरचे टी-शर्ट, बाजारात ज्याला मॅटी किंवा पिके म्हणतात ते कापड, २२० जीएसएम. आणि शाळेच्या संघांसाठी पॉलिस्टरचं डॉटनिट, म्हणजे खेळाच्या कपड्यांचं कापड. लोगो तिन्हीवर एकच: ७५ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ, आत गडद निळा भराव, त्यावर पिवळी समई, भोवती पांढऱ्या अक्षरांत शाळेचं नाव, खाली ब्रीदवाक्य आणि स्थापनेचं वर्ष, कडेला सॅटिनची, म्हणजे शेजारी-शेजारी दाट बसवलेल्या टाक्यांची, जाड किनार. टेरिकॉटच्या खिशावर हा लोगो अनेक वर्षं सुंदर बसत होता. युनिटने तीच फाइल घेतली, खाली नेहमीचा फाडायचा पेपर लावला, नेहमीचीच सुई ठेवली आणि पांढऱ्या जर्सीपासून काम सुरू केलं.

तक्रार आणि तिचे तीन वेगळे आजार

शाळेतल्या बाईंनी एक टी-शर्ट घरी धुऊन पाहिला. लोगो मधून वाटीसारखा फुगला होता. मग सगळा माल परत तपासला गेला आणि आणखी दोष सापडले: काही नगांवर लोगोभोवती कापडाला किरणांसारख्या चुण्या होत्या, वर्तुळ किंचित लंबगोल झालं होतं, निळा भराव आणि किनार यांच्यामध्ये पांढरं कापड डोकावत होतं, आणि दोन-चार नगांवर किनारीलगत बारीक भोकं होती.

युनिटमध्ये या सगळ्याला एकच शब्द वापरला जात होता, ‘चुण्या’, आणि एकच उपाय सुचवला जात होता: रिंगमध्ये, म्हणजे मशीनवर कापड धरून ठेवणाऱ्या कड्यात, कापड आणखी घट्ट ओढा. या उपायाने काम आणखी बिघडलं असतं. कापड कुठे आणि केव्हा गोळा झालं हे आधी पाहायला हवं, कारण प्रत्येक खुणेचं मूळ निराळं असतं.

लोगोभोवती बाहेर पसरणाऱ्या चुण्या म्हणजे टाक्यांनी कापड आत ओढलं. टाके फार दाट आहेत, धाग्याचा ताण जास्त आहे किंवा खालचा पेपर ती ओढ सोसायला पुरेसा नाही. रिंग काढताक्षणी लोगो फुगला, तर कापड रिंगमध्ये ताणून लावलं होतं. भोवतालचं कापड सुटून मूळ मापावर आलं आणि टाक्यांखालचं ताणलेल्या मापात अडकून राहिलं. आणि मशीनवरून उतरताना सपाट असलेला लोगो पहिल्या धुण्यानंतर फुगला, तर भोवतालचं कापड आटलं. इथे या तिन्ही गोष्टी थोड्या-थोड्या होत्या, म्हणून एका उपायाने भागणारं नव्हतं.

पेपर शेवटपर्यंत अंगावर राहणार आहे

युनिटच्या मालकांशी बोलणं झालं तेव्हा ते म्हणाले, “साहेब, पेपर काय, शेवटी फाडूनच टाकायचा. त्यावर पैसे कशाला घालायचे?”

टेरिकॉटसाठी ते बरोबरच बोलत होते. ताण्या-बाण्याचं घट्ट कापड टाके स्वतः पेलतं. पेपर फक्त मशीन चालू असेपर्यंत कापड स्थिर ठेवतो, मग त्याचं काम संपतं. होजिअरीचं कापड म्हणजे एकमेकांत अडकलेल्या धाग्याच्या फासांची रचना. प्रत्येक फास आकार बदलू शकतो, म्हणूनच टी-शर्ट अंगावर सैल पडतो आणि डोक्यातून सहज उतरतो. अशा कापडावर हजारो टाके बसवले की त्यांना धरून ठेवणारं काहीतरी खाली कायम लागतं: घालताना, काढताना, पिळताना, दोरीवर ओला लटकताना. फाडायचा पेपर यात दोनदा हरतो. एकदा मशीनवरच, कारण दाट सॅटिनच्या किनारीखाली सुईच्या भोकांची अखंड रांग पडते आणि पेपर तिथूनच तुटून वेगळा होतो. नेमकी शेवटची किनार बसताना खाली आधार उरत नाही. निळा भराव आणि किनार यांच्यातली फट बरीचशी यातूनच आली होती. आणि दुसऱ्यांदा धुण्यात, तेव्हा उरलासुरला पेपरही तुकडे होऊन निघून जातो.

म्हणून टी-शर्टसाठी कापायचा पेपर, ज्याला कट-अवे म्हणतात, तो घ्यावा. हे मी कुणालाही पहिल्यांदा सांगतो. टाके संपल्यावर लोगोभोवती साधारण पाऊण ते एक सेंटिमीटर सोडून तो कापायचा, कोपरे गोल ठेवायचे आणि बाकीचा टी-शर्टच्या आयुष्यभर आत राहू द्यायचा. टाक्यांच्या अगदी लगत कापण्याचा मोह होतो, कारण आतली बाजू नीटनेटकी दिसते. तो टाळावा. काठ टाक्यांना लागून असला की आधार तिथेच संपतो, आणि कात्रीचं टोक टी-शर्टमध्ये घुसण्याची भीती असते ती वेगळीच.

कट-अवेमध्येही निवड आहेच. आम्ही पांढऱ्या जर्सीवर सुमारे ८५ जीएसएमचा नेहमीचा कट-अवे आणि सुमारे ५० जीएसएमचा जाळीचा पेपर, म्हणजे मेश, दोन्ही भरून पाहिले. ८५ जीएसएमवर टाके अगदी शिस्तीत बसले, वर्तुळ वर्तुळच राहिलं. पण पांढऱ्या पातळ कापडातून पेपरचा पांढरा तुकडा बाहेरून स्पष्ट दिसत होता आणि लोगोचा भाग छातीवर ताठ उभा राहत होता. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या अंगावर हे चालणार नाही. मेश मऊ पडतो, बाहेर कमी दिसतो. पांढऱ्यापेक्षा फिकट बदामी रंगाचा मेश पांढऱ्या टी-शर्टखाली आणखी कमी दिसतो, कारण तो अंगाच्या रंगात मिसळतो. मात्र मेशचा एक थर त्या दाट लोगोला अपुरा पडला. दोन थर, एकमेकांना थोडे तिरके ठेवून, पुरले. त्यातला कापडाला लागणारा थर चिकटणारा घेतला आणि हलक्या इस्त्रीने आधीच बसवला.

चिकटणाऱ्या थराचा खरा फायदा रिंग लावताना कळतो. जर्सी आडवी फार ताणते. नुसती हाताळली तरी मापातून जाते. मेश चिकटला की तेवढा भाग जवळपास टेरिकॉटसारखा वागतो. मॅटीवर आम्ही इस्त्री टाळून तात्पुरत्या चिकट स्प्रेचा हलका फवारा वापरला. फवारा नेहमी पेपरवर मारावा, टी-शर्टवर नाही, आणि मशीनपासून दूर. जास्त झाला की सुईवर डिंक जमतो आणि धागा तुटायला लागतो.

रिंगमध्ये पेपर चारही बाजूंनी पकडला गेलाच पाहिजे. ताण पेपरला द्यायचा. टी-शर्ट त्यावर आपल्या मूळ मापात नुसता पसरलेला असावा. ऑपरेटरताईंना यासाठी एक सोपी तपासणी दाखवली: रिंग लावण्याआधी खडूने ५ सेंटिमीटरची आडवी-उभी फुली काढायची आणि रिंग लावल्यावर पट्टीने परत मोजायची. फुली मोठी झाली असेल तर कापड ताणलं गेलंय, रिंग काढून परत लावायची. हाताच्या अंदाजाने हे कळत नाही. अनुभवी हातालाही फसवेल असं हे कापड आहे. लोगोला पुरेल इतकीच लहान रिंग घेतली तर हा त्रास आणखी कमी होतो.

आटणारं कापड, न आटणारा लोगो

पेपर बदलला, रिंग नीट लागली, तरी धुतल्यावर पांढरा टी-शर्ट थोडा फुगतच होता. आता राहिला तिसरा आजार.

कोऱ्या टी-शर्टवर २५ सेंटिमीटरचा चौकोन आखून तो घरगुती पद्धतीने धुतला, वाळवला आणि मोजला. लांबीत चौकोन साडेतेवीस सेंटिमीटरवर आला, म्हणजे ६ टक्के आटला. रुंदीत त्यापेक्षा बरंच कमी. सुती होजिअरीत हे नवल नाही. गिरणीत कापड कॉम्पॅक्टिंग करून, म्हणजे आधीच दाबून घेऊन, उरलेलं आटणं कमी करतात, पण स्वस्तातल्या मालात ते पुरतं झालेलं नसतं. ७५ मिलिमीटरच्या लोगोखाली ६ टक्के म्हणजे साडेचार मिलिमीटर. भोवतालचं कापड तेवढं लहान व्हायला बघतं. पॉलिस्टरचा धागा आणि पॉलिस्टरचा पेपर मात्र आटत नाही. निळ्या भरावाची ती अख्खी चकती आपलं माप सोडत नाही आणि जागा नसल्याने वर उचलली जाते.

पेपर कितीही चांगला आणला तरी याला उत्तर नाही. उलट जाड पेपर घातला तर लोगो सपाट राहतो खरा, पण पुठ्ठा शिवल्यागत लागतो. म्हणून मी शाळेला निळा भरावच काढून टाकायला सुचवलं. हाउसच्या रंगीत टी-शर्टवर टी-शर्टचाच रंग पार्श्वभूमी होईल. पांढऱ्यावर समई आणि अक्षरं निळ्या धाग्याने येतील. बंद चकतीऐवजी मोकळी रेखाकृती झाली की टाक्यांच्या मधलं कापड स्वतंत्रपणे आटू शकतं आणि लोगोही त्याच्याबरोबर लहान होतो. टाके जवळपास निम्म्यावर आले.

शाळेला हे पटायला वेळ लागला. लोगोबद्दल माणसांच्या भावना असतात आणि त्यांचा मान ठेवायला हवा. विश्वस्तांपैकी एक काका म्हणाले, “निळं वर्तुळ ही आमची ओळख आहे, ते कसं काढता?” मग किनार निळीच ठेवली, वर्तुळ टिकलं, फक्त त्याच्या आतलं पोट रिकामं केलं. धुतलेले दोन्ही नमुने शेजारी ठेवल्यावर त्यांनी स्वतःच नवा निवडला. ब्रीदवाक्य मात्र गेलं. त्याची अक्षरं ३ मिलिमीटरची होती, आणि जाळीदार मॅटीवर ४० नंबरच्या धाग्याने ५ मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर वाचता येईल असं बसत नाही. नाव मोठं करायला त्या जागेचा उपयोग झाला.

फाइलमध्ये बाकी बदल हे केले. टाक्यांच्या ओळींमधलं अंतर ०.४० मिलिमीटर होतं, ते जर्सीसाठी ०.४५ केलं. ओढीची भरपाई वाढवून ०.४ मिलिमीटर ठेवली, म्हणजे प्रत्येक आकार संगणकावर जरा जाड दिसतो आणि कापडावर बरोबर माप होतो. खाली आधी विरळ अस्तर-टाके घातले. ते कापडाला पेपरशी बांधून घेतात, मग वरचे टाके बसतात. आणि भरण्याचा क्रम मधून बाहेर ठेवला, किनार सगळ्यात शेवटी. आधी किनार आणि मग आतलं काम केलं तर सरकलेलं कापड मध्येच कोंडलं जातं. मशीनचा वेग मिनिटाला ८५० टाक्यांवरून ६५०-७०० वर आणला.

इथे धंद्याचा एक प्रश्न आहे आणि तो लपवून चालणार नाही. एम्ब्रॉयडरीचा दर बहुतेक ठिकाणी हजार टाक्यांवर ठरतो. टाके कमी म्हणजे बिल कमी. चांगला पेपर घ्या, टाके निम्मे करा आणि पैसेही कमी घ्या, असं कुणी युनिटला सांगत असेल तर ते ऐकणार कसे? माझं स्पष्ट मत आहे की टी-शर्टचं काम नगावर घ्यावं, हजार टाक्यांवर नाही. नाहीतर दाट, ताठ, फुगणारा लोगो भरण्यातच युनिटचा फायदा राहतो. या शाळेने नगाचा दर मान्य केला. मशीनचा वाचलेला वेळ आणि मेशचा वाढलेला खर्च यांची बऱ्यापैकी तोंडमिळवणी झाली.

सुई, फिल्म आणि धागा

किनारीलगतची भोकं सुईची होती. मशीनवर टोकदार सुई होती, ताण्या-बाण्याच्या कापडासाठीची. होजिअरीत ती फासाचा धागाच कापते. मशीनवर काही दिसत नाही, पण धुतल्यावर तो फास सुटतो आणि भोक मोठं होतं. औद्योगिक मशीनची तीच डीबी×के५ जातीची ७५/११ मापाची सुई गोल टोकात मिळते. हलकं गोल टोक एसईएस आणि त्याहून जास्त गोल एसयूके अशा खुणांनी ती ओळखतात. जर्सीला आणि मॅटीला एसईएस पुरली. एसयूके जाड, सैल विणीच्या कापडासाठी ठेवावी. तिने बारीक अक्षरांच्या कडा मऊ पडतात. सुईची किंमत एका टी-शर्टच्या तुलनेत इतकी कमी आहे की ती बदलण्यात काटकसर करू नये.

मॅटीवर वरून पाण्यात विरघळणारी फिल्म लावलीच पाहिजे. त्या कापडाच्या पृष्ठभागावर खळगे असतात आणि टाके त्यात बुडतात. फिल्म त्यांना वर धरते. काम झाल्यावर मोठा भाग हाताने काढायचा, अक्षरांमध्ये अडकलेला ओल्या फडक्याने टिपायचा. जर्सीवर फिल्म फक्त अक्षरांपुरती वापरली. ही फिल्म हवेतला दमटपणा ओढते, म्हणून पावसाळ्यात ती चिकट होते आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात उघडी राहिली तर कडक होऊन तडकते. रोल बंद पिशवीत ठेवावा, इतकंच.

धाग्याची निवड धुण्यावरून ठरली. रेयॉनची चमक मला स्वतःला जास्त आवडते, तो मऊ बसतो आणि मशीनवर शांत चालतो. साडीच्या ब्लाउजवर मी रेयॉनच सुचवेन. पण शाळेचा पांढरा टी-शर्ट घरोघरी ब्लीचमध्ये बुडतो, आणि ओल्या रेयॉनची ताकद बरीच उतरते, क्लोरिनच्या ब्लीचमध्ये रंगही टिकत नाही. म्हणून ४० नंबरचा पॉलिस्टर. त्याला एक पथ्य आहे: तो रेयॉनपेक्षा जास्त ताणला जातो. वरचा ताण जास्त ठेवला तर धागा ताणलेल्या अवस्थेतच टाक्यात बसतो आणि नंतर आखडून चुण्या पाडतो. ताण कमी करत जावं, सॅटिनचा टाका उलट बाजूने पाहावा; मधला एक तृतीयांश भाग बॉबिनच्या, म्हणजे खालच्या, पांढऱ्या धाग्याचा आणि दोन्ही कडांना वरचा रंग दिसला की जमलं.

लहान मुलांच्या टी-शर्टला आतून आणखी एक मऊ, चिकटणारा पातळ थर लावला, टाक्यांच्या गाठी झाकण्यापुरता. याला खर्च येतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे ऑर्डर देणारे हा पहिल्यांदा कापतात. पण टोचणारा लोगो असलेला टी-शर्ट मूल घालत नाही. प्राथमिकच्या मालासाठी मी यावर अडून बसलो.

डॉटनिट आणि आधीचा माल

संघांचं डॉटनिट आटत नव्हतं, त्यामुळे तिथे फुगण्याचा प्रश्न आला नाही. अडचण उष्णतेची होती. चिकटणारा मेश लावायला इस्त्री टेकवली की पॉलिस्टरवर चकाकणारा चौकोन उमटत होता, आणि मरून रंगाच्या नमुन्यात कापडाचा रंग मेशवर उतरला. तिथे न चिकटणारा मेश आणि हलका फवारा वापरला, मुलांचा मऊ थर वगळला. कापड निसरडं असल्याने रिंगच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळली; पकड आली आणि रिंगचा वळही कमी उमटला.

आधी भरून झालेल्या पांढऱ्या मालाचं काय करायचं, हा सगळ्यात अवघड भाग होता. टाके उसवायचा विचार आम्ही एका नगावर सोडून दिला; जर्सीवर इतके दाट टाके उसवले की खाली चाळणच उरते. भोकं पडलेले नग युनिटने बाद केले आणि त्यांच्या बदल्यात कोरे टी-शर्ट घेऊन नवीन लोगो भरून दिला. फक्त फुगणारे होते त्यांना मागून चिकटणाऱ्या मेशचा मोठा गोल तुकडा वाफेच्या इस्त्रीने लावला. लोगो पूर्ण सपाट झाला नाही, पण घालण्याजोगा झाला. शाळेने ते कमी दरात, राखीव साठ्यासाठी घेतले.